सोडतीत लागलेला उन्हाळा

आमच्या घरात वर्षभराच्या आत दोन सोडती लागल्या. एक म्हाडाची, दुसरी ऑस्ट्रेलिया सरकारची. म्हाडाच्या सोडतीत घर मिळणार हे पक्कं होतं, फक्त कितव्या मजल्यावर ते ठरायचं होतं. दुसरीत कशाचाच भरवसा नव्हता. 14 ऑगस्ट 2025 रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळी बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यांत आम्हीही होतो. एकशे साठ फुटांच्या खोलीतून एकदम पाचशे फुटांचा, चाळीस मजली टॉवरमधला फ्लॅट. पडदे कुठल्या रंगाचे यावरून घरात भांडणं चालू असतानाच मी बॅग भरली आणि टास्मानियातल्या एका हॉस्टेलात, आठ जणांच्या खोलीत, दुमजली लोखंडी खाटेच्या वरच्या मजल्यावर जाऊन झोपले. आईला हे अजून पटलेलं नाही. "आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली, तर ही बया आठ जणांत झोपायला गेली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

व्हिसाचं नाव 'वर्क अँड हॉलिडे', क्रमांक 462. वय 18 ते 30, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यावर साधारण 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्षभर तिथे राहायचं, फिरायचं आणि फिरण्याच्या खर्चासाठी मिळेल ते काम करायचं. मात्र एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांच्या वर नाही. भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या व्यापार करारातून हे दार आपल्या पोरांसाठी उघडलं, आणि तेही किलकिलं : वर्षाला 1,000 जागा. 1 ऑक्टोबर 2024 ला पहिली सोडत खुली झाली, अर्जाचे 25 डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच 40,000 च्या आसपास अर्ज आल्याचं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं. पंचवीस डॉलर म्हणजे दोन नाटकांची तिकिटं, गेले तर गेले, म्हणून मी भरले होते. माझं नाव निघालं तेव्हा पहिला प्रश्न आला तो त्या पाच हजार डॉलरचा. आईची भिशी, मावशीची मोडलेली एफडी आणि माझी दोन वर्षांच्या नोकरीतली शिल्लक मिळून तो कसाबसा सुटला.

चाळीत बातमी फिरली तशी माणसं भेटायला येऊ लागली. आमच्या जुन्या मजल्यावर एक आजोबा होते. त्यांच्या खोलीत दारासमोरच बाबासाहेबांचा सूट-बूट घातलेला फोटो. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि आमच्याकडे तेव्हापासून परदेश म्हणजे पदवी, हे समीकरण पक्कं आहे. आजोबांनी विचारलं, "कुठलं कॉलेज?" म्हटलं, "कॉलेज नाही आजोबा, फळं तोडायला चाललेय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग इथं शिकलीस कशाला?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पदवीसाठी गेलेल्यांनीही तिकडे मजुरी केलीच आहे म्हणा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतकी शिकायला गेले, तेव्हा पडेल ते अंगमेहनतीचं काम करून शिकले. पुढे गदर चळवळीत गेले, मेक्सिकोत नावाजलेले कृषितज्ज्ञ झाले. पण हे सांगून आजोबांचं समाधान झालं असतं असं नाही. आजीने तर एका वाक्यात निकाल लावला. आमचं मूळ गाव कणकवलीजवळ, आणि दर मे महिन्यात आम्ही तिथे काजू वेचलेले. ती म्हणाली, "फळां काढूक इतक्या लांब कित्याक जातंस? आपल्या काजी काय कमी आसत?"

मेलबर्नच्या विमानतळावर सगळ्यात आधी माझ्या मसाल्याची चौकशी झाली. विमानातच एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आहे का, लाकडाचं, बियांचं, बुटाला शेताची माती आहे का? लपवलंत तर दंड, सांगितलंत तर बहुतेक वेळा नुसतं बघून सोडतात. मी सगळ्यापुढे 'होय' लिहून मोकळी झाले. हातमोजे घातलेल्या बाईंनी मालवणी मसाल्याचं पाकीट दिव्यापुढे धरलं, पापड एकेक करून मोजल्यासारखे पाहिले, चकलीचा वास घेतला आणि ती काय करता, कशी करता, तळता की भाजता, असं इतकं बारकाईने विचारलं की मला वाटलं, आता पाककृती लिहून मागते. सगळं परत मिळालं. पुढे होबार्टला उतरले तर पुन्हा कुत्रा बॅगा हुंगत उभा. टास्मानिया हे बेट आहे आणि ऑस्ट्रेलियाच्याच दुसऱ्या राज्यातलं सफरचंदसुद्धा ते आत येऊ देत नाहीत. फळमाशी येऊ नये म्हणून. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पिशवीतलं अर्धं खाल्लेलं केळं त्या कुत्र्याने शोधून काढलं, तेव्हा सगळी रांग हसली. ते गृहस्थ सोडून.

आपला डिसेंबर म्हणजे स्वेटर काढायचा महिना. तिथे ऐन उन्हाळा. हे भूगोलात शिकलो होतो. अंगावर घेतलं नव्हतं. सूर्य उत्तरेकडून जातो. दुपारी बारा वाजता उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं तर उत्तरेला वळायचं. दिशा ओळखण्याची लहानपणापासूनची सवय पहिला आठवडाभर मला रोज चुकीच्या रस्त्याला लावत होती. रात्री नऊ वाजले तरी उजेड हटत नाही. नेहमीच्या वेळी भूक लागली म्हणून जेवायला बसावं तर बाहेर दुपार उतरल्यासारखं ऊन. आणि एकदाचा अंधार झाला, की आकाशही उलटं. मृग नक्षत्र डोक्यावर पडल्यासारखं, पाय वर; व्याध, जो इथे मृगाच्या खाली चमकतो, तो तिथे वर. चंद्रावरचा ससा उताणा, शुक्ल पक्षातली कोर भलत्याच बाजूला. कोणी काही म्हणो, कांगारू पाहून मी एवढी चकित झाले नाही. कांगारू वेगळा असणार हे ठाऊकच होतं. आपला चंद्र तरी आपल्यासारखा असेल असं वाटलं होतं.

मी गेले ते ह्यूऑन नावाचं खोरं, होबार्टच्या नैर्ऋत्येला. नदी, टेकड्या आणि उतारावर जाळ्यांखाली झाकलेल्या चेरीच्या रांगा. काम पहाटे साडेपाचला सुरू. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, म्हणून सकाळ गाठायची. छातीवर पट्ट्यांनी बांधलेली बादली, तीन पायांची शिडी, आणि पहिल्या दिवशी अर्धा तास शिकवणी. चेरी ओढायची नाही. देठ जिथे फांदीला लागतो तिथे अंगठा आणि पहिलं बोट नेऊन, वरच्या अंगाला हलकी मुरड द्यायची. देठासकट फळ हातात आलं पाहिजे. बिनदेठाचं फळ परदेशी पेटीत जात नाही. देठाच्या बुडाशी एक खुरटा खुंट असतो, त्यावर पुढच्या वर्षीचे डोळे. ओढाताणीत तो खुंट तुटला की पुढच्या उन्हाळ्याची चेरी आजच गेली. आमची मुकादम होती विशीतली, नाकात नथणी घातलेली टास्मानियन मुलगी. ती मागून येऊन बादलीत हात घालायची, चार फळं उचलायची, आणि देठ नसलेलं एखादं निघालं तर काही न बोलता माझ्याच तोंडात घालायची. आठवड्याभरात मला चेरीचा वीट आला, ही मुंबईत सांगण्याजोगी गोष्ट नव्हे.

पण खरं नवल पुढेच होतं. एका रात्री पाऊस झाला. भल्या पहाटे डोक्यावर घरघर सुरू झाली आणि बागेवर हेलिकॉप्टर आलं. मला वाटलं, कोणी तरी हरवलंय किंवा आग लागलीय. हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांपासून थोडंसंच वर, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, बैल नांगराला फिरावा तसं संथपणे फिरत होतं. कळलं ते असं : पिकलेल्या चेरीच्या देठापाशी खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं, सालीतून आत मुरतं, फळ फुगतं आणि तडकतं. एका सरीत सगळं पीक मातीमोल. म्हणून जिथे प्लॅस्टिकचं छप्पर नाही अशा तुकड्यांवर पाऊस थांबताच हेलिकॉप्टर भाड्याने बोलावून वाऱ्याने झाडं वाळवतात. आमच्या कोकणात अवकाळीने मोहोर गळतो तेव्हा माणसं आभाळाकडे बघत बसतात, तलाठी पंचनाम्याला येतो. इथे चेरी वाळवायला हेलिकॉप्टर! मी ते मोबाइलवर टिपून घरी पाठवलं. बाबांचं उत्तर आलं : "एक फळ कितीला विकतात?"

बाबांचा प्रश्न बरोबर होता. बरीचशी चेरी आशियात जाते, चिनी नववर्षाच्या आत तिथे पोचली तर सोन्याचा भाव. पण या खोऱ्याची चेरी ही नंतरची कथा. बागेच्या मालकाची आई रोज सकाळी काठी टेकत पॅकिंग शेडमध्ये येऊन बसायची. तिने सांगितलं, हे सगळं सफरचंदाचं रान होतं. टास्मानियाला 'ॲपल आइल' म्हणत, कारण जहाजं भरभरून सफरचंदं ब्रिटनला जात. 1967 च्या फेब्रुवारीत वणव्याने बागा जळाल्या. त्यातून सावरत होते, तोवर 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेलं आणि गिऱ्हाईकच संपलं. मग सरकारनेच योजना काढली : झाडं उपटा, पैसे घ्या. तिच्या नवऱ्याने बुलडोझर लावून स्वतःच्या हाताने लावलेली झाडं पाडली. ढीग करून पेटवली तेव्हा आठवडाभर खोऱ्यात गोड धुराचा वास होता, म्हणे. हे ती रडून नव्हे, हिशेब सांगावा तसं सांगत होती. मी तिला सांगितलं की माझे आजोबा गिरणीत साचा चालवायचे, 18 जानेवारी 1982 ला संप झाला आणि तो कधी सुटलाच नाही. तिने विचारलं, "मग गिरण्यांच्या जागी काय लावलंत?" म्हटलं, फिनिक्स मिलमध्ये मॉल झालाय. "आणि तो दर वर्षी पिकतो?" मी हो म्हणाले.

हॉस्टेलमध्ये जर्मन, फ्रेंच, कोरियन, दोन अर्जेंटिनाची मुलं. एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये नावं लिहिलेले डबे, आणि संडास-बाथरूम पॅसेजच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. फ्रेंच मुलगी पहिल्याच सकाळी रांग बघून रडकुंडीला आली. आमच्या चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या, चार मजले, ऐंशी बिऱ्हाडं. अशा 121 इमारती नुसत्या वरळीत, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी धरून 207. त्या रांगेत वाढलेल्या माणसाला या रांगेचं काय! बादली आधी लावून ठेवणं, कोण किती वेळ घेतो त्याचा अंदाज, आतल्याशी बाहेरून गप्पा मारत त्याला लाजवणं, या सगळ्या विद्या मला उपयोगी पडल्या. थोड्याच दिवसांत सकाळचं वेळापत्रक माझ्या हातात आलं. आता आमच्या नव्या घरात संडास आतच आहे, तेव्हा या विद्येची शेवटची पिढी बहुधा मीच.

त्या मुलांचं मला फार नवल वाटे. जर्मन मुलीचे वडील डॉक्टर, ती स्वतः पुढे वकिली शिकणार होती. कोरियन मुलगा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला. आणि ही पोरं चिखलात गुडघ्यावर बसून पडलेली फळं वेचत, टॉयलेट घासायची पाळी आली तर गाणी म्हणत घासत, आणि त्याचे फोटो आईवडिलांना पाठवत. आईवडील खूश! आपल्याकडे डॉक्टरच्या मुलीने सुट्टीत झाडू धरला तर घराण्याची बैठक बसेल. तेव्हा तासाला कमीत कमी 31 डॉलर, रोजंदारीचा वाढावा धरून. त्या दिवसांच्या भावाने अठराशे रुपयांच्या घरात. वरळी सी फेसला महिनाभर एका घरची भांडी घासून आमच्या चाळीतल्या बाईला जे मिळतं, ते तिथे टॉयलेट घासणाऱ्याला तास-दीड तासात मिळतं. पूर्वी मजुरी पेटीवर होती, वेगवान हात असेल तर चांदी, नाही तर उपास. 2022 च्या एप्रिलपासून मळ्यांत पेटीवर काम दिलं तरी तासाची किमान मजुरी द्यावीच लागते. हे सगळ्या ठिकाणी सरळ होतं असं नाही. आधीच्या एका ठिकाणी कंत्राटदार व्हॅनचं भाडं, खाटेचं भाडं आणि कसलंसं 'प्रशासन' असं कापत जायचा, तिथून आम्ही पाय काढला. पण कामाला लाज नसते याचं मोठं कारण त्याला दाम असतो हेच, असं माझं मत झालं. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे व्याख्यानं आपण फार ऐकली. तासाला अठराशे कोणी दिले नाहीत.

हे मत घट्ट होण्याच्या बेतात होतं तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या माणसांकडे लक्ष गेलं. ती माणसं तिमोर-लेस्ते आणि वानुआतूची. पॅसिफिक बेटांसाठी आणि तिमोर-लेस्तेसाठी ऑस्ट्रेलियाची 'पाम' नावाची वेगळी योजना आहे, तिच्यावर आलेली. झाड तेच, बादली तीच, दरही तोच. पण त्यांना मालक बदलायची मुभा सहजासहजी नाही; ज्याने आणलं त्याच्याकडेच राहायचं. त्यांच्या व्हिसावर 'हॉलिडे' हा शब्द नाही. आम्ही दुपारी सुटलो की नदीवर पोहायला पळायचो, ती माणसं सावलीत बसून घरी फोन करायची. चाळिशीचा एक तिमोरी गडी माझ्या रांगेला लागून होता. बोट न दिसावं अशा वेगाने तोडायचा, माझ्या एका बादलीला त्याच्या दोन. त्याने मोबाइलवर घराचं बांधकाम दाखवलं : चार भिंती उभ्या, वर पत्रा अजून नाही, दारात बायको आणि तीन मुलं. गेल्या मोसमात सिमेंट, या मोसमात छप्पर. धाकट्या मुलाला त्याने जन्मल्यापासून किती वेळा पाहिलंय ते तो बोटांवर मोजू लागला आणि थांबला.

माझे आजोबाही असेच आले होते. कणकवलीहून निघून, पुढे बोटीने मुंबईला, एकटे. खानावळीत जेवायचं, दहा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायची. गावातलं आमचं चिऱ्याचं घर असंच मोसमामोसमाने वर आलं. मी त्या बागेत नेमकी कुठल्या बाजूची, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. जर्मन मुलीसारखी मीही मजेला आले होते. मात्र मावशीची एफडी फेडायची होती. मग मी दर रविवारी काय केलं? भटकले. तेवढंच माझ्या व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

होबार्टमध्ये 2011 साली उघडलेलं मोना नावाचं एक खासगी संग्रहालय आहे, खडकाच्या पोटात खोदलेलं. मालक डेव्हिड वॉल्श हा गणिताच्या जोरावर जुगारात पैसा केलेला गृहस्थ. तिथे काचेच्या भांड्यांची एक रांग टांगलेली आहे, माणसाच्या पचनसंस्थेची नक्कल. तिला रोज जेवण घालतात आणि दुपारी ठरल्या वेळी ती रीतसर शौचाला जाते. ते बघायला माणसं तिकीट काढून, नाकाला रुमाल लावून रांगेत उभी! मी हसू आवरेना म्हणून बाहेर आले. नाताळ संपताच सिडनीहून निघालेल्या शर्यतीच्या शिडाच्या नौका बंदराला लागल्या, पूर्ण शहर धक्क्यावर. मग एकदा आम्ही चौघी भाड्याच्या गाडीने कॉकल क्रीकला गेलो. ऑस्ट्रेलियात दक्षिणेकडे गाडीने जाता येतं ते इथपर्यंतच. पुढे पायवाट, समुद्र आणि अंटार्क्टिका. वाटेत मेलेले वॉलबी रस्त्याच्या कडेला इतके, की पुढे मोजणं सोडून दिलं. त्या बेटावरचे तिन्ही जातींचे साप विषारी, हे परत आल्यावर कोणी तरी सांगितलं ते बरं.

फेब्रुवारीत चेरी संपली. मुकादमबाईचा निरोप आला : उद्यापासून काम नाही, धन्यवाद. जर्मन मुलगी न्यूझीलंडला गेली. तिमोरी मंडळींची बस सफरचंदाच्या बागांकडे लागली. मालकाच्या आईने सांगितलेली सफरचंदाची सगळीच झाडं उपटली गेली नव्हती. मी डेव्हनपोर्टहून रात्रीची बोट धरून गीलाँगला उतरले, काही दिवस द्राक्षं तोडली, मेलबर्नला एका हॉटेलात भांडी घासली आणि मे महिन्याच्या आधी परत आले, कारण मे महिन्यात गावाला जायचं असतं.

मावशीचे पैसे फिटले. राहिलं ते 'सुपर'. तिथे प्रत्येक मजुराच्या नावे मालक पगाराच्या वर 12 टक्के निर्वाह निधीत भरतो. देश सोडताना तो परत मागता येतो, पण आमच्यासारख्या हॉलिडेवाल्यांना त्यातले 65 टक्के कर म्हणून कापून. माझा अर्ज मंजूर झाला तेव्हा मी घरात मोठ्याने तणतणले, की माझ्याच घामाचे पैसे आणि हातात शंभरातले पस्तीस! आजी नव्या घराच्या खिडकीत निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "पस्तीस तरी दिल्यानी मां? मिलवाल्यांनी ता पण दिल्यानी नाय."